म्हातारीला नाव कशाला पाहिजे

सध्या घरात कथांचा ढीग पडलाय. ढीग म्हणायची आपली सवय, खरं तर सगळा लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये आहे. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा पहिल्यांदा वाचून "ही पुढे पाठवा, ही नको" एवढं सांगायचं काम माझ्याकडे असतं, मानधन विचारू नका, अंकाच्या दोन प्रती मिळतात आणि संपादकांचे रात्री दहानंतरचे फोन. बाहेरच्यांना वाटतं दिवाळी अंक दिवाळीच्या तोंडावर होत असेल, पण खरी धावपळ आषाढ-श्रावणातच, कारण पुढे चित्रकाराला कथा द्यायच्या, प्रुफं तपासायची, जाहिरातवाल्यांच्या मागे लागायचं, छापखान्याची तारीख गाठायची, सगळं ओळीने उभं असतं. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला चकलीबरोबर कथा लागते, म्हणजे तेव्हापासून कोणी ना कोणी पावसाळ्यात बसून त्या निवडत असणार. फरक एवढाच की तेव्हा पोस्टाने यायच्या आणि आता मेलवर येतात, कोणी पीडीएफ पाठवतं, कोणी जुन्या फाँटात टाईप केलेलं ज्याचे माझ्याकडे नुसते चौकोन दिसतात, एका काकांनी तर वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकलेत आणि त्यात पान चार नाहीच्चे.

तर यंदा वाचताना एक गोष्ट सारखी खटकत्येय म्हणून ही पोस्ट. आलेल्या कथा वाईट आहेत असं अजिबात नाही. उलट बऱ्याचशा अगदी नियमात बसणाऱ्या आहेत. बारावीच्या मराठीत कथा हा साहित्यप्रकार शिकवतात ना, त्यात कथेचे घटक म्हणून यादी असते: कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद, भाषाशैली. ही यादी हातात धरून एकेका कथेला टिक मारत गेलं तर जवळजवळ सगळ्या पास होतील. पात्रं आहेत, त्यांना नावं, वयं, नोकऱ्या आहेत. वातावरण तर भरपूर आहे, पाऊस तर इतका आहे की मला कंटाळा आलाय. संघर्ष आहे, शेवटी ट्विस्टसुद्धा आहे. आणि तरी तिसऱ्या पानावर माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे जातं.

आधी वाटलं आपणच कंटाळलोय. मग एक कथा घेऊन नीट बघितलं की नक्की कुठे सुटतंय. निवृत्त होणाऱ्या माणसाची कथा, डोंबिवलीतला, शेवटचा दिवस ऑफिसचा. अलार्म वाजतो, तो उठतो, दात घासतो, बायको चहा ठेवते, चहाचा रंग, कपाचा टवका, खिडकीतून दिसणारा गुलमोहर, मग स्टेशन, मग फास्ट लोकल, मग दादर. इथे दोन पानं संपतात. आणि पाचव्या पानावर एक वाक्य येतं, की निरोप समारंभात साहेबांनी त्याचं नाव चुकीचं घेतलं आणि ते कोणी दुरुस्त केलं नाही, त्यानेसुद्धा नाही. आहे की नाही! अहो हीच कथा आहे. आख्ख्या कथेतली ही एकच जागा जिथे थांबून बघायला पाहिजे होतं, कोण हसलं, शाल कोणी धरली होती, याचा हात कुठे होता, आणि तिथे लेखक एका वाक्यात पुढे गेला कारण त्याला घरी पोचून बायकोच्या डोळ्यातलं पाणी दाखवायचं होतं. चहाच्या कपाला जेवढा वेळ दिला तेवढाच अपमानाला दिला, खरं तर कमीच.

म्हणजे घटक सगळे आहेत पण सगळ्यांना सारखं वाढलंय, पंगतीत वाढतात तसं. माझं आता असं ठाम मत झालंय की गोष्ट सांगता येणं म्हणजे निम्म्याहून जास्त हेच, कुठे पळायचं आणि कुठे बसकण मारायची. बाकीच्या गोष्टी शिकता येतात, पुस्तकातून, क्लासमधून, हे एक प्रत्येक गोष्टीत नव्याने ठरवायला लागतं.

आणि हे मला कुठे सापडलं तर आमच्या घरच्या देवघरासमोर. श्रावण चालू आहे, जिवतीचा कागद भिंतीला चिकटवलाय, तोच तो, वर नरसिंह आणि कालियावरचा कृष्ण, मधे लेकरं घेतलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. सासूबाई पूजा झाली की कहाण्यांचं पातळसं पुस्तक काढतात आणि आम्हाला हातात अक्षता देऊन बसवतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत्येय, अर्धं लक्ष मोबाईलकडे ठेवून ऐकत्येय हे खरं. पण यंदा डोक्यात कथांचा ढीग होता म्हणून सोमवारी खुलभर दुधाची कहाणी कान देऊन ऐकली आणि अक्षरशः चाट पडले.

तुम्हाला माहीतच असेल, तरी थोडक्यात. आटपाट नगर, तिथला राजा मोठा शिवभक्त, त्याच्या मनात येतं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. प्रधान दवंडी पिटवतो की सोमवारी गावातलं सगळं दूध देवळात आणायचं, घरात थेंब ठेवायचा नाही. गाव घाबरून सगळं दूध आणतं, वासरांना नाही, पोरांना नाही, सगळं ओततात आणि गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते, एवढंसं खुलभर दूध वाहते, परत फिरते आणि गाभारा भरतो. गुरव बघतो, राजाला सांगतो, पण उलगडा होत नाही. पुढच्या सोमवारी राजा शिपाई बसवतो, तरी पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी स्वतः येऊन बसतो, म्हातारीचा हात धरतो, तिला अभय देतो, मग ती सांगते की बाबा तुझ्या हुकमापायी वासरं आणि पोरं तळमळली, हे देवाला कसं आवडेल.

आता बघा यात कशाला किती जागा दिलीये. नगर कसं होतं? काही नाही, आटपाट, संपलं. राजा? शिवभक्त. प्रधान? चतुर. एकेक विशेषण, चला पुढे. देऊळ कसलं, दगडी की काय, नदीकाठी का डोंगरावर, एक शब्द नाही. दवंडी आणि दूध गोळा करणं तीन-चार वाक्यांत उरकलंय. आणि मग म्हातारी येते आणि अचानक कहाणीचा वेग एकदम खाली येतो. ती काय काय करते हे सगळं येतं, घरातलं काम आवरलं, मुलांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांना चारा घातला, त्यांचा आत्मा थंड केला, मग खुलभर दूध घेतलं, चार तांदळाचे दाणे घेतले, दोन बेलाची पानं घेतली आणि निघाली. राजाच्या अख्ख्या राज्याला मिळाली नसेल एवढी जागा या बाईच्या सकाळच्या कामांना मिळाली. का, तर उत्तर तिथे आहे. सगळ्यांना देऊन झाल्यावर उरलं ते देवाला, हा क्रम म्हणजेच गोष्ट आहे, आणि तो क्रम आपल्याला आधीच दाखवून ठेवलाय, राजाला कळायच्या कितीतरी आधी. पुढे म्हातारी तोंडाने सांगते तेव्हा आपण मान हलवतो, कारण आपण ते बघितलेलं असतं.

मी त्या दिवशी सासूबाईंना विचारलं, "आई, या म्हातारीचं नाव काय हो?" त्यांनी पुस्तक मिटत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाव कशाला पाहिजे तिला? तिला दूध घालायचंय." मी तिथल्या तिथे फोनमध्ये टाईप करून ठेवलं हे. पात्रचित्रण या विषयावर मी जे काही ऐकलंय त्यात हे वरच्या नंबरात बसेल. तिला नाव नाही, वय नाही, सुरकुत्या नाहीत, डोळ्यात करुणा वगैरे तर मुळीच नाही, नुसती क्रियापदं आहेत. खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, चारा घातला. आणि तरी ती बाई मला दिसते. ढिगातल्या एका कथेत आजीचं वर्णन अर्धं पान आहे, चंद्रासारखा चेहरा, कापसासारखे केस, मायेचा झरा, आणि ती आजी काय करते तर खुर्चीत बसते. मला नाही दिसली ती.

अजून एक गंमत मला फार आवडली. तीन सोमवार आहेत ना, ते तीन सोमवार सारखे नाहीत. पहिल्यांदा बघणारा कोण, गुरव. दुसऱ्यांदा शिपाई. तिसऱ्यांदा राजा स्वतः. घडतंय तेच, दूध तेवढंच, म्हातारी तीच, पण बघणारा दर वेळी बदलतो आणि शेवटी ज्याने हुकूम काढला त्यालाच तिथे येऊन बसावं लागतं. याला म्हणतात चढत जाणं. आपल्याकडे संघर्ष वाढवायचा म्हटलं की लगेच कोणाला तरी कॅन्सर होतो किंवा कोणीतरी हायवेवर ट्रकखाली येतं. इथे कोणी मरत नाही, कोणी दुष्टसुद्धा नाही, राजाला वाईट करायचंच नव्हतं, त्याला देवाचं चांगलं करायचं होतं आणि त्या चांगल्यापायी गावातली पोरं उपाशी राहिली. संघर्ष म्हणजे भांडण नव्हे हे मी आता ढिगातल्या कथांवर लाल अक्षरात लिहून लिहून दमलीये. कोणाला तरी काहीतरी हवंय आणि ते ज्या रस्त्याने मिळवायला जातोय त्या रस्त्यानेच ते मिळत नाहीये, एवढं पुरतं.

शास्त्र काय सांगतं तेही बघितलं, अगदीच कहाणीवर विसंबून राहिले असं नको. भरतमुनींनी नाट्यातल्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात, आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. खुलभर दुधाला लावून बघा, बसतात. इच्छा झाली तो आरंभ, दवंडी हा यत्न, गाभारा भरला पण का ते कळेना ही आशा, म्हातारीचा हात धरला तिथे खात्री, आणि चौथ्या सोमवारी पोरावासरांना पाजून मग उरलेल्या दुधाने गाभारा भरला तो फलागम. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने कथानक आधी आणि पात्रं नंतर असं सांगून ठेवलंय, आदि-मध्य-अंतही त्याचेच. दोन्ही खरं आहे पण मला विचाराल तर हे सगळं गोष्ट लिहून झाल्यावर तपासायला बरं, लिहिताना पुढ्यात घेऊन बसलात तर त्या डोंबिवलीच्या काकांसारखं होतं, पाचही अवस्था हजर आणि माणूस गायब.

मग शुक्रवारी शुक्रवारची कहाणी. ही तर वेगाच्या बाबतीत अजूनच भारी आहे. गरीब बहीण आणि त्याच गावात श्रीमंत भाऊ. भाऊ सहस्रभोजन घालतो, सगळ्या गावाला बोलावतो आणि बहिणीला नाही. ती मनाशी म्हणते गडबडीत विसरला असेल, भावाकडे न बोलावता जायला काय हरकत आहे, आणि पोरांना घेऊन जाते. भाऊ तूप वाढत वाढत येतो, तिला बघतो आणि म्हणतो ताई, तुझ्या अंगावर ना धड वस्त्र ना दागिना, लोक हसतात, उद्या येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पोरं परत मामाकडे चल म्हणतात, पोरंच ती, ती परत जाते, परत बोलणी खाते. तिसऱ्या दिवशी तो हात धरून घालवून देतो.

पुढे देवीची कृपा होऊन ती श्रीमंत होते, आणि हे श्रीमंत होणं कहाणीने चुटकीसरशी उरकलंय, पैसा कसा आला, काय धंदा केला, काही नाही. ढिगातल्या लेखकाने इथे निदान पाच पानं घेतली असती, लोणच्याचा बिझनेस, बँकेचं कर्ज, पहिली ऑर्डर. कहाणीला त्यात रस नाही कारण तिला पोचायचंय भावाच्या घरी, पाटावर. भाऊ आता आग्रहाने जेवायला बोलावतो. ती दागिने घालून, पैठणी नेसून, शालजोडी पांघरून येते. पाटावर बसते, शालजोडी काढून ठेवते, एकेक दागिना उतरवते आणि पाटावर मांडते. भावाला वाटतं उकडत असेल. मग ती भात कालवते आणि घास उचलून ठेवते सरीवर. भाजी ठेवते ठुशीवर. लाडू चिंचपेटीवर. जिलबी मोत्याच्या पेंडीवर. भाऊ विचारतो, ताई हे काय करतेस? ती म्हणते, मी करते तेच बरोबर आहे, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना भरवत्येय.

(आमच्याकडच्या पुस्तकात दागिन्यांचा क्रम असा आहे, तुमच्याकडे वेगळा असेल, माझ्या आईच्या तोंडी तर अजून एकदोन जास्त होते.)

मला सांगा, अख्ख्या कहाणीत एकाही वस्तूला धड नाव नव्हतं, वाटी नाही, ताट नाही, घर कसलं ते नाही. आणि इथे एकदम चार दागिने आणि चार पदार्थ, एकासमोर एक. म्हणजे तपशील माहीत नव्हते असं नाही, राखून ठेवले होते. आणि ते "उकडत असेल" बघा हो. तेवढ्या एका वाक्यापुरते आपण भावाच्या डोक्यात जातो, आणि त्या डोक्यात काय आहे तर काहीच नाही, अपमान केला होता हे त्याला आठवतसुद्धा नाहीये. ती रडत नाही, सुनावत नाही, मागचं काढत नाही, घास घेते आणि सरीवर ठेवते. दाखवा, सांगू नका असं लेखनाच्या वर्कशॉपमध्ये पैसे घेऊन शिकवतात, आमच्याकडे ते हळदीकुंकवासोबत फुकट.

वातावरणाबद्दल मात्र एक आहे, आटपाट नगर सगळीकडे चालत नाही. ढिगात एक कथा आलीये, उजनीच्या काठची. धरणात जुनी गावं गेली, आणि ज्या वर्षी पाणी खूप खाली जातं त्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात, फोटो काढतात. त्यातला माणूस पाणी उतरायची वाट बघतोय, कारण त्याला जुन्या घराच्या जागी जायचंय, आणि त्याचा पोरगा पाणी चढायची वाट बघतोय, कारण त्याचा ऊस वाळतोय. संपलं! पाण्याची पातळी हेच कथानक, जागा बदलली की कथाच राहत नाही. तिथे वर्णन किती का असेना, गाळाला पडलेल्या भेगा, वर आलेल्या दीपमाळा, कुठलंच जास्त वाटत नाही, कारण प्रत्येक वर्णनाने बापलेकातलं काहीतरी हलतं. लेखकाला न विचारता एवढं सांगितलं हेच खूप झालं, बाकी अंकात वाचा. (घेतला तर. मी घ्या म्हटलंय.) बाकीच्या कथांमधला पाऊस काढून तिथे ऊन घातलं तरी कोणाला कळणार नाही, मग तो पाऊस कशाला लिहायचा.

निवेदकाचं तर विचारूच नका. ढिगात निदान चार कथा अशा असतील ज्यात "मी" गोष्ट सांगतोय आणि शेवटी तो "मी" मेलेला असतो आणि हे ट्विस्ट म्हणून येतं. कहाणीत कोण सांगतंय हे कधी बघितलंत? "ऐका शुक्रवारा, तुमची कहाणी." म्हणजे गोष्ट आपल्याला सांगतच नाहीयेत, शुक्रवाराला सांगतायत, आणि त्याचीच त्याला सांगतायत! आपण नुसते बाजूला अक्षता घेऊन बसलेलो. त्यामुळे सांगणारीला कोणाची समजूत घालायला लागत नाही, पटवायला लागत नाही, शुक्रवाराला सगळं आधीच माहीत आहे. आपल्या लेखकांचं उलट होतं, वाचकाला कळणार नाही या भीतीने प्रत्येक वाक्याला मागून एक समजावणारं वाक्य. "ती गप्प बसली. तिच्या मनात वादळ उठलं होतं." गप्प बसली ना, पुरे की.

आणि काळ. कहाणीत मागे जाणं जवळजवळ नाहीच, "असं करता करता" म्हटलं की महिने गेले, वर्षं गेली, श्रावण परत आला. आमच्या ढिगात प्रत्येक नायिका चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहते आणि फ्लॅशबॅक सुरू. फ्लॅशबॅक वाईट नाही पण बहुतेक वेळा तो यासाठी असतो की मूळ कथा खिडकीपासून हललीच नाहीये. पुढे काय होणार याची पेरणीसुद्धा कहाणी सरळ तोंडावर करते, आदित्यराणूबाईच्या कहाणीत ब्राह्मण वसा मागतो तेव्हा उत्तर येतं, तुला वसा कशाला, उतशील मातशील, घेतला वसा टाकशील. झालं, आपल्याला कळलं की कोणीतरी उतणार आहे, कोणीतरी टाकणार आहे. कोण आणि कधी एवढंच बघायचं राहतं, आणि तेवढ्यावर आपण बसून राहतो, पोरगी खेळायला पळाली तरी मी बसून राहते.

आता कोणी म्हणेल ही बाई कहाण्यांच्या प्रेमात पडलीये. तसं नाही हो. मला त्यातलं बरंच काही सहन होत नाही. बहुतेक गोष्टी कोणाच्या घरच्या आहेत ते पहिल्याच वाक्यात कळतं, बाकीची गावं जणू नव्हतीच. बाईला मूल नाही म्हणून तिच्या हातची भिक्षा घेणार नाही म्हणणारे गोसावी आहेत, आणि कहाणी त्या गोसाव्याला काही बोलत नाही. आणि तंत्र म्हणूनही मर्यादा आहेतच. कहाणीतल्या माणसाला दोन मनं नसतात. भावाला लाज वाटली, त्याने क्षमा मागितली, बहिणीने केली, जेवली, दोघं सुखी. मला तिथे विचारायचं असतं की बाई तू खरंच जेवलीस? घास गिळला? पुढच्या रक्षाबंधनाला काय झालं? हे कहाणी सांगणार नाही, ते आजच्या कथेचं काम आहे, आणि म्हणूनच ढीग वाचायला मी दर वर्षी बसते, शिव्या देत का होईना. सोळा आणे सगळं मिटलेलं मला नकोच असतं. पण न मिटलेलं दाखवायचं तर ते नक्की कुठे मिटलेलं नाहीये ती जागा शोधून तिथे थांबायला पाहिजे, शेवटच्या ओळीत तीन टिंबं देऊन ते होत नाही. तीन टिंबांच्या शेवटांची तर मी यंदा वेगळी यादीच केलीये.

संवादांचं एक सांगायचं राहिलं. सोलापूरकडची आजी "मी अत्यंत व्यथित झाले आहे" म्हणते असं एकाने लिहिलंय. आजी व्यथित झाली तर ताट सरकवेल, सुनेला सोडून नातवाशी बोलेल, फार तर "असू दे" म्हणेल. त्या "असू दे"त जेवढं आहे तेवढं व्यथित होण्यात नाही.

हे सगळं डोक्यात चालू असतानाच एका मुलाची कथा वाचली. सांगलीकडचा आहे, शेती करतो, पहिलीच कथा असेल असं मेलवरून वाटलं. दोन भाऊ, वाटण्या झालेल्या, विहीर मात्र सामाईक. सुरुवातीला गावचा सूर्योदय एक पान, मग देऊळ, मग ओढा, मग आईच्या आठवणी. आणि मधेच कुठेतरी एका ओळीत, की मोठा भाऊ आपली पाण्याची पाळी संपली की मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घालून घरी नेतो. मी तिथे थांबले. त्याला मेल केला की हा फ्यूज कुठे आहे कथेत, एवढंच वाक्य का, शेतीला रात्रीची लाईट असताना धाकटा दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो आणि पेटी उघडतो तेव्हा काय होतं ते लिहा ना. त्याचं उत्तर आलं, "मॅडम ते तर रोजचंच आहे, त्यात काय लिहायचं?" मग मी फोनच केला. बराच वेळ बोललो. धाकटा अंधारात बांधावरून मोठ्याच्या दारात जातो, वहिनी दार उघडते, फ्यूज तिच्याच हातात असतो, ती काही न बोलता देते आणि सकाळी त्यांच्या आधी आणून द्या म्हणते, असं तो सांगत होता, आणि हे सगळं कथेत नव्हतं, कथेत सूर्योदय होता. मी म्हटलं सूर्योदय काढा, देऊळ काढा, आई राहू दे दोन ओळी, आणि वहिनीच्या दारात थांबा. म्हणाला मग कथा दीड पानाचीच होईल. म्हटलं होऊ दे, संपादकांचं मी बघते.

संवाद अजून पुस्तकी आहेत त्याचे, त्या वहिनीच्या तोंडी "परंतु" आहे, तेही सांगितलंय. शनिवारपर्यंत पाठवतो म्हणालाय, या आठवड्यात लाईट दिवसाची आहे त्यामुळे रात्री लिहायला बसता येईल म्हणे.